सांबरआजोबांचा खोकला

सागाच्या एका जंगलात एक तरुण भेकर राहत असे, आणि त्या सकाळी तिला सगळ्यांत आधी खटकला तो खोकला.

मुलांनो, झालं असं. उन्हाळ्याचे दिवस होते. ओढे आटून नुसत्या वाळूच्या वाटा उरल्या होत्या. जंगलभरात पाणी होतं ते एकट्या जांभूळडोहात. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवरच होतं, तेवढ्यात डोहाच्या बाजूने सांबरआजोबांची हाक आली. "ढाँक! ढाँक!"

एकदा ढाँक म्हणजे वाघ आणि लागोपाठ दोनदा म्हणजे रानकुत्री, हे त्या जंगलातल्या कालच्या पोरालाही ठाऊक होतं. त्यातून हाक सांबरआजोबांची! एक वेळ चितळांची हाक खोटी निघेल, मोरांची तर निघायचीच. पण आजोबांची हाक आजवर एकदाही फुकट गेली नव्हती.

मग काय विचारता! वानरांनी झाडावरून हाक पुढे दिली, चितळांनी खालून दिली, मोरांनी केकाटून दिली आणि सातभाई पाखरांच्या थव्याने ती एकदम सात तोंडांनी दिली. त्या जंगलाची रीतच तशी होती. ऐकलेली हाक अडवायची नाही. आधी पुढे द्यायची, मग पळायचं. जो आधी देईल आणि मोठ्याने देईल, त्याचं चारचौघांत कौतुक व्हायचं.

भेकरही पळाली. खरं सांगायचं तर सगळ्यांच्या आधी तीच पळाली. करवंदीच्या जाळीत शिरून पाय पोटाशी घेऊन बसली, तेव्हा तिचं काळीज असं धडधडत होतं की जाळीतली पिकली करवंदं टपटप खाली पडत होती. आणि तशा त्या धडधडीत तिला आठवलं, हाकेच्या शेवटी काहीतरी होतं. ढाँक, ढाँक, आणि मग अगदी बारीक, घशातल्या घशात, "खुख्, खुख्."

"आजोबांना पुन्हा खोकला झाला की काय?" ती स्वतःशीच पुटपुटली.

पण जाळीबाहेर इतका गलका चालला होता की तिचं पुटपुटणं तिलाच धड ऐकू आलं नाही.

आता या भेकरबद्दल थोडं सांगायला हवं. भेकर म्हणजे शेळीएवढं, तांबूस रंगाचं, लहानखुरं हरीण. जवळ बसून गप्पा मारायच्या तर त्याला काय वाटेल ते बोलता येतं. पण लांबवर पोहोचेल असा आवाज मात्र एकच. "भ्यॉक्!" कुत्र्याने भुंकावं तसा. भीती वाटली तरी भ्यॉक्, आनंद झाला तरी भ्यॉक्. आणि आपली ही भेकर तर भित्र्यांमधली भित्री. सागाचं वाळकं पान खाली पडलं की ती दोन हात उंच उडायची. पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं की मागे सरायची. एकदा तर स्वतःच्याच शिंकेला घाबरून तिने अर्धं जंगल पार केलं होतं.

आणि गंमत अशी की, हीच भेकर जंगलाच्या शाळेत बाई होती. शिकवायची काय? तर हाका!

तिला शाळेवर घ्यायचं ठरलं तेव्हा वानरमावशी शेपूट झाडत म्हणाल्या होत्या, "अगं बाई, जिला पान पडलं तरी घाम फुटतो, ती आमच्या पोरांना हाका शिकवणार होय?"

भेकर घाबरत घाबरतच म्हणाली होती, "मावशी, मी दिवसातून शंभर वेळा घाबरते. त्यातल्या नव्व्याण्णव वेळा काहीच नसतं. ती नव्व्याण्णव कशी ओळखायची, हे माझ्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?"

वानरमावशींनी डोकं खाजवलं आणि तिला नेमून टाकलं.

शाळा भरायची मोहाच्या झाडाखाली. वर्गात चितळाची दोन पाडसं, रानडुकराचं एक गुबगुबीत पिल्लू, वानराची तीन वांड कार्टी आणि सातभाईंच्या घरची धाकटी. ही धाकटी म्हणजे सहा भावांवरची एकुलती एक बहीण. थव्याचं नाव तरीही सातभाईच, आणि याचा तिला भारी राग. पण राग आला तरी एकटीने बोलायची सोय नव्हती. सातभाई सदान्‌कदा एकत्र बोलतात. एकाने चोच उघडली की सातही उघडतात. बाईंनी धाकटीला उभं करून काही विचारलं, की सहा भाऊ खिडकीतून डोकवावेत तसे फांदीवरून वाकायचे आणि सगळे मिळून उत्तर द्यायचे.

"मला धाकटीचं उत्तर हवंय," बाई म्हणायच्या.

"आमच्यात एकेकटं बोलत नाहीत, बाई!" सातही जण म्हणायचे.

बाई शिकवायच्या त्यात पाठ करायचं असं काही नसायचंच. एक खेळ असायचा. बाई झुडपाआड जाऊन "भ्यॉक्!" करायच्या आणि पोरांनी पळायचं नाही, हाक पुढेही द्यायची नाही. दोन उड्या मारून आडोसा गाठायचा आणि तिथून विचारायचं, "पाहिलंत की ऐकलंत?" पाहिलं असेल तर पुढचं, "कधी? आणि कुठून?"

पहिले काही दिवस बाईंनी भ्यॉक् केलं की सगळा वर्ग डोंगरापलीकडे जाऊन पोहोचायचा आणि बाईंची अख्खी दुपार पोरं गोळा करण्यात जायची. पुढे पुढे मात्र पोरांना गोडी लागली. एकदा शिकवता शिकवता सागाचं भलं मोठं पान बाईंच्या पाठीवर पडलं. "भ्यॉक्!" करून बाई थेट करवंदीच्या जाळीत. वर्ग जागच्या जागी.

रानडुकराच्या पिल्लाने बसल्या बसल्या हाक मारली, "बाई, पाहिलंत की ऐकलंत?"

जाळीतून बारीक आवाज आला, "पाठीला लागलं."

"कधी?"

"आत्ताच."

"पान होतं, बाई! या बाहेर!"

बाई पाला झटकत बाहेर आल्या आणि पोरांबरोबर पोट धरून हसल्या. "शाब्बास," त्या म्हणाल्या, "आज तुम्ही मला शिकवलंत."

हे पाहून चितळकाकूंनी मात्र नाक मुरडलं होतं. "अहो बाई, पोरं अशी चौकशा करत बसली, तर वाघ काय उत्तर मिळेपर्यंत थांबणारे का?"

"म्हणून तर आधी आडोसा, काकू," बाई म्हणाल्या. "जीव आधी सांभाळायचा. पण सांभाळून झाल्यावर विचारायचं. आपण सांभाळतो आणि तिथेच थांबतो. विचारायचं राहूनच जातं."

"आमच्या सात पिढ्यांनी कधी विचारलं नाही," चितळकाकू म्हणाल्या आणि पाडसांना चाटत निघून गेल्या.

तर अशी ही भेकरबाई. आणि अशा त्या सकाळी आलेली ती हाक.

त्या दिवशी पाण्यावर कोणी गेलं नाही. संध्याकाळी ऊन उतरलं तेव्हा पुन्हा तीच हाक. ढाँक, ढाँक. पुन्हा सगळ्या जंगलाने ती पुढे दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच, संध्याकाळी तीच. म्हणजे रानकुत्र्यांनी डोहावर ठाणच मांडलं होतं! कोणी म्हणालं दहा आहेत, कोणी म्हणालं चाळीस. रात्रीपर्यंत चाळिसांची साठ झाली आणि त्यांतल्या एकाला दोन शेपट्याही फुटल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळीही तीच हाक आली. शाळेत कोणी खेळेना. रानडुकराचं पिल्लू ओल्या मातीच्या आठवणीने कोरडी जमीन उकरत बसलं होतं. चितळाची पाडसं मान टाकून पडली होती. वानराची कार्टी चक्क शहाण्यासारखी वागत होती, यावरूनच ओळखा किती तहानलेली होती ती! धाकटीने चोच उघडली, पण आवाज आला नाही. आणि तिच्या सहा भावांचाही आला नाही.

त्या दुपारी मोहाखाली जंगलातली मोठी मंडळी जमली. वानरमावशींनी सांगितलं, "माळ ओलांडला की पलीकडे नदी आहे म्हणतात. ऊन कललं की निघायचं."

माळ! मागच्या वणव्यात जळून काळा पडलेला, झाड ना झुडूप, सावलीचा मागमूस नाही. मोठे कसेबसे जातील. पाडसं कशी जाणार? पण बोलायला कोणी तयार नव्हतं, कारण जी हाक पाच वेळा आली, जी सगळ्यांनी ऐकली, तिच्यावर बोलायचं तरी काय?

"मावशी," भेकरबाई म्हणाल्या, आणि आपलाच आवाज ऐकून दचकल्या. "रानकुत्री पाहिली कोणी?"

"पाहिली कोणी म्हणजे? सगळ्या जंगलाला माहितीये!"

"तुम्ही पाहिलीत?"

"मी चितळकाकूंकडून ऐकलं."

"मी मोरांकडून," चितळकाकू म्हणाल्या.

"आम्ही सातभाईंकडून," मोर म्हणाले.

"आम्ही वानरमावशींकडून!" सहा भाऊ म्हणाले. धाकटी गप्प होती.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग चितळकाकू फणकाऱ्याने म्हणाल्या, "अहो, पण मुळात हाक सांबरआजोबांची होती ना! झालं तर मग. त्यांच्यावरही भरवसा नाही का तुमचा?"

सांबरआजोबा टेकाडाच्या सावलीला बसले होते. केवढी ती शिंगं, केवढा तो रुबाब! भेकरबाई त्यांच्यापुढे गेल्या तेव्हा त्यांचे चारही पाय चार दिशांना पळायला बघत होते.

"आजोबा, रागावू नका हं. तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?"

"मी?" आजोबांनी डोळे किलकिले केले. "मी ऐकलं. डोहाकडून हाक आली, मी पुढे दिली. सांबराचीच हाक होती. कोण पठ्ठ्या होता कोण जाणे, पण आवाज फार उत्तम. ऐकल्यासारखा वाटला कुठेतरी."

या जंगलात दुसरं सांबर नव्हतंच मुळी.

बाई एक पाऊल पुढे सरकल्या. "आणि आजोबा, तुम्हाला खोकला आहे?"

"खोकला? छे!" आजोबांनी मान ताठ केली. "गेल्या उन्हाळ्यात होता. काय छळलं त्याने! हिरडा चघळून चघळून पावसाळ्यात घालवला. आता ऐक घसा." आणि त्यांनी तिथल्या तिथे असा स्वच्छ, खणखणीत ढाँक काढला की निम्मी मंडळी सवयीने पळालीच.

धावपळ शमली. वानरमावशी म्हणाल्या, "असेल कुठलंतरी बाहेरचं सांबर. चला, आवरा. उगाच शंका काढू नका, पोरं घाबरतात."

पोरं घाबरलेली नव्हती. पोरं तहानलेली होती. पण ते बोलून दाखवण्याआधीच लोक आवरायला लागले होते.

मुलांनो, अशा वेळी शूर कोणी असता तर ताड ताड डोहाकडे गेला असता. आपली भेकरबाई कशी गेली ठाऊक आहे? दोन पावलं पुढे, एक मागे. वाटेत सरड्याने मान हलवली, ती बाभळीमागे. वारा सुटला, ती दगडामागे. स्वतःची सावली पुढे पडली, तेव्हा तर तिने सावलीलाच विचारलं, "पाहिलंस की ऐकलंस?" सावली काही बोलली नाही, तेव्हा तिला थोडा धीर आला. एकेका आडोशाला थांबत, कान फिरवत, नाक वर करून हवा हुंगत ती डोहाच्या काठाशी आली.

आणि तिने पाहिलं.

डोह काठोकाठ निळा होता. चतुर पाण्यावर झेपावत होते. काठचा चिखल वाळून भेगाळला होता आणि त्या भेगाळलेल्या चिखलात चितळांचे खूर होते, मोरांचे पंजे होते, तीन दिवसांपूर्वीचे सगळे. रानकुत्र्याचा एकही ठसा नव्हता. जुना नव्हता, नवा नव्हता. वास नव्हता. ढोकरी बगळा एका पायावर उभा राहून डुलक्या घेत होता.

"बगळेभाऊ, इथे रानकुत्री आली होती का हो?" तिने कुजबुजत विचारलं.

बगळ्याने एक डोळा उघडला. "गेल्या उन्हाळ्यात आली होती. आता तीन दिवसांत आलात त्या फक्त तुम्हीच."

"मग तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?"

"मला कोणी विचारलं का नाही?" बगळा म्हणाला आणि त्याने डोळा मिटला.

तेवढ्यात अगदी डोक्यावरून, "ढाँक! ढाँक! खुख्, खुख्."

भेकरबाई उडाल्या त्या थेट पाण्यात. नाकातोंडात पाणी, पायाखाली शेवाळ. वर आल्या तेव्हा जांभळीच्या फांदीवर काळाभोर, चकचकीत पक्षी बसलेला दिसला. शेपटीला दोन लांबच लांब तारा आणि तारांच्या टोकांना पिसांचे झुबके. भृंगराज! त्याने मान वाकडी केली, बुलबुलासारखी शीळ घातली, मग घारीसारखा चिरका सूर लावला आणि शेवटी पुन्हा सांबरआजोबा. खोकल्यासकट.

"तुम्ही होतात?" भेकरबाईंच्या अंगावरून पाणी निथळत होतं.

"अहो, श्रोता!" भृंगराज आनंदाने फांदीवर नाचला. "अखेर कोणीतरी थांबलं! बाई, बसा बसा. तीन दिवस झाले, सकाळ-संध्याकाळ गायला बसतो आणि सगळे उठून पळतात. मला वाटलं आपला आवाजच बसला."

"पण ही तर आजोबांची हाक आहे!"

"आहेच मुळी! गेल्या उन्हाळ्यात रानकुत्री आली ना, तेव्हा त्यांनी दिली होती. काय हाक होती हो! तेव्हाच मनात भरली. वर्षभर घोटतोय. तो शेवटचा खोकला सगळ्यांत अवघड, बरं का. तो जमायला मला हिवाळा गेला." मग त्याचा चेहरा पडला. "तुम्हाला खोकला नाही आवडला?"

भेकरबाईंना हसावं की रडावं कळेना. हाक खरी होती. आवाजही खरा होता. रानकुत्रीसुद्धा खरी होती. फक्त ती गेल्या वर्षीची होती.

त्यांनी त्याला सगळं सांगितलं. पाडसांचं, माळाचं, ऊन कललं की निघणार असल्याचं. भृंगराजाचे झुबके खाली लोंबले. "अरेरे! मी आपला गात होतो हो. मला काय ठाऊक लोक ऐकतात!" मग त्याला एकदम कल्पना सुचली. "थांबा! मी आत्ता आजोबांच्या आवाजात ओरडतो, 'या रे, डोहावर काही नाही!' आजोबांचं सगळे ऐकतात. पटकन येतील."

क्षणभर भेकरबाईंना मोह झाला. किती सोपं होतं! पण त्यांनी मान हलवली. "आजोबा जे बोललेच नाहीत, ते आजोबांच्या आवाजात? नको. त्यातूनच तर हे सगळं झालं. मी पाहिलंय ना? मग मीच माझ्या आवाजात सांगते."

"तुमच्या आवाजात कोण ऐकणार?" भृंगराजाने विचारलं. त्याला दुखवायचं नव्हतं. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

डोहाच्या काठी एक काळा कातळ होता, चहूबाजूंनी उघडा. भेकर कधी उघड्यावर उभी राहत नाही. आपली भेकर त्यावर चढली. समोरच्या उतारावर सगळं जंगल रांगेने माळाकडे निघालेलं दिसत होतं, मुंग्यांएवढं. पुढे वानरमावशी, मागे चितळं, त्यांच्या पायांत अडखळणारी पाडसं, आणि वर सातभाईंचा थवा.

तिने श्वास घेतला आणि सगळा जीव गोळा करून ओरडली, "भ्यॉक्!"

रांग दचकली, हाक पुढे गेली आणि सगळे जोरात पळायला लागले. माळाकडे!

भेकरच्या तोंडचं पाणीच पळालं. मुलांनो, तुमच्या ध्यानात आलं ना? त्या जंगलात 'धोका आहे, पळा' अशा पन्नास हाका होत्या. 'काही नाही, या' अशी एकही हाक नव्हती. कोणाला कधी तिची गरजच वाटली नव्हती. आणि भेकरकडे तर एकूण आवाजच एक.

"भ्यॉक्!"

"अहो बाई," भृंगराज कळवळून म्हणाला, "माझ्याहून तुमचे श्रोते जास्त पळतायत."

उघड्यावर ऊन चटचट भाजत होतं. मागच्या झुडपात काहीतरी खसपसलं आणि तिच्या अंगाचा कण न् कण म्हणाला, पळ. एरवी ती केव्हाच करवंदीच्या जाळीत जाऊन पोहोचली असती. पण चितळाचं धाकटं पाडस उतारावर बसलेलं तिला दिसत होतं. ते उठत नव्हतं. चितळकाकू त्याला नाकाने ढकलत होत्या. पहिली वानरं माळाच्या काळ्या राखेत उतरली होती.

भेकर कातळावरून हलली नाही. मी ओरडतेय आणि तरी उभीच आहे, एवढं तरी कोणाला दिसू दे, तिच्या मनात आलं. तिने तिसऱ्यांदा हाक दिली.

"भ्यॉक्!"

डोंगरात घुमून तिचीच हाक परत आली. बाकी काही आलं नाही. बगळ्यानेही आता दोन्ही डोळे उघडले होते.

मग तिला दिसलं, थवा माळावर गेला होता, पण त्यातला एक ठिपका मागे राहिला होता. उतारावरच्या शेवटच्या पळसाच्या झाडावर. सहाही भाऊ वळून वळून त्याला बोलावत होते, कलकलाट करत होते. ठिपका जात नव्हता. ठिपका पानाआड सरकला. म्हणजे आडोसा गाठला. आणि मग त्या तापलेल्या दुपारच्या आरपार, कोरड्या पडलेल्या घशातून, एक बारीकसा, चिरका, अगदी एकटा आवाज आला. सातभाईंपैकी कोणी एकट्याने बोललेलं त्या जंगलाने आजवर ऐकलं नव्हतं.

"बाई! पाहिलंत की ऐकलंत?"

रांग जागच्या जागी थांबली आणि एकेक मान डोहाकडे वळली. आणि भेकरबाई, जन्मात पहिल्यांदाच, आनंदाने दचकल्या.

तात्पर्य : आवाज ओळखीचा आहे आणि सगळेच तसं सांगताहेत, एवढ्यावर विसंबून ऐकलेली गोष्ट पुढे देऊ नये. कोणी पाहिलं आणि कधी पाहिलं, हे विचारणारा एक जरी निघाला, तरी सगळ्यांची पाण्याची वाट मोकळी होते.